सार्वजनिक वाचनालय : सर्वांची ठेव

गोदावरीचें पाणी नाशकाहून वाहत आपल्या सायखेड्यास येतें. त्या पाण्यावर जसा कोणा एकाचा हक्क नाहीं, तसा ज्ञानावरही नसावा, या विचारांतूनच सार्वजनिक वाचनालयें निर्माण झालीं.

रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें. त्या काळीं छापील ग्रंथ दुर्मिळ व महाग असत. तेव्हां एकानें विकत घेण्याऐवजीं अनेकांनीं मिळून ग्रंथ घ्यावे व पाळीपाळीनें वाचावे, ही कल्पनाच नवी होती.

पुढें नाशिकच्या संस्थेचें कार्य पुस्तकांच्या देवघेवीपुरतें राहिलें नाहीं. हस्तलिखितांचा व जुन्या वस्तूंचा संग्रह, बालवाचकांचा विभाग, व्याख्यानें आणि परशुराम सायखेडकर नाट्यगृह हीं सर्व तिचींच अंगें होत. त्या नाट्यगृहाचें नांव ऐकून आपल्या गांवच्या कोणास कौतुक वाटणार नाहीं?

महाराष्ट्रांत १९६७ सालच्या कायद्यानें वाचनालयांस मान्यता व अनुदान देण्याची व्यवस्था झाली. परंतु अनुदानानें कपाट भरतें. वाचक मिळत नाहीं. शिवाय, एकानें पान फाडलें, तर मागून येणाऱ्या प्रत्येकाचें तेवढें ज्ञान हिरावलें जातें. पुस्तक वेळेवर परत केलें नाहीं, तर विकत घेण्याची ऐपत नसलेला मुलगा रिकाम्या हातीं परततो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, वाचनालयाचें पुस्तक आपल्या वस्तूहून अधिक जपा. पालकांनींही मुलांस वर्गणी आनंदानें द्यावी. धन्यानें दिलेली ठेव जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. कपाटांत न वाचलेलें पुस्तक तशीच पुरलेली ठेव होय.