ओझे ओढणाऱ्या घोड्यांचे मैदान

जपानच्या उत्तरेस होक्काइडो नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व भागातील तोकाची हा सपाट व सुपीक प्रदेश गहू, बटाटे, बीट आणि द्विदल धान्ये यांसाठी प्रसिद्ध आहे. या प्रदेशातील ओबिहिरो शहरात घोड्यांच्या शर्यतीचे एक मैदान आहे. शर्यतीचे मैदान म्हटले की वाटोळी हिरवी धाव आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारे चपळ घोडे डोळ्यांपुढे उभे राहतात. ओबिहिरोतील शर्यत अगदी निराळी आहे. येथील घोडे जड ओझे ओढतात, आणि वाटेत चक्क थांबतातही!

होक्काइडो ही मूळची ऐनू लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी सरकारने तेथे शेतकऱ्यांच्या वसाहती वसविण्यास आरंभ केला. ओबिहिरोच्या परिसरात असे वसाहतकरी १८८३ मध्ये येऊन पोहोचले. घनदाट अरण्य तोडावे, बुंधे उपटावे, ओंडके वाहावे, तेव्हा कोठे नांगरण्याजोगी जमीन हाती येई. हे काम माणसाच्या एकट्याच्या बळाने होण्यासारखे नव्हते. म्हणून फ्रान्समधील पर्शरॉनसारख्या धिप्पाड जातींचे घोडे आणून स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर करण्यात आला. मग गावच्या उत्सवात कोणाचा घोडा अधिक बलवान, याची चुरस लागू लागली. ‘बानएई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीचा उगम हा असा आहे.

ओबिहिरोचे मैदान १९३२ पासून अस्तित्वात आहे. बानएईची धाव सरळ असून तिची लांबी अवघी २०० मीटर आहे. तीवर वाळू पसरलेली असते आणि प्रत्येक घोड्यासाठी स्वतंत्र पट्टा आखलेला असतो. वाटेत दोन चढ आहेत. पहिला सुमारे एक मीटर उंच. दुसरा त्याहून बराच उंच, आणि खरी परीक्षा तोच घेतो. येथील हिवाळा अत्यंत कडक असल्यामुळे वाळू गोठू नये म्हणून खालून उष्णता देण्याची सोय केलेली आहे. पावसाने वाळू भिजली की वेग मंदावेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ओल्या वाळूवरून घसरगाडी अधिक सहज सरकते.

घोड्याचे स्वतःचे वजन सुमारे एक टन, म्हणजे नेहमीच्या शर्यती घोड्याच्या जवळजवळ दुप्पट असते. त्याच्यामागे लोखंडी घसरगाडी जुंपतात. मार्च महिन्यातील ‘बानएई किनेन’ या मानाच्या शर्यतीत हे ओझे सुमारे १००० किलोग्रॅमपर्यंत जाते. जॉकी घोड्यावर न बसता गाडीवर उभा राहतो. घोडा दमला, तर तो त्याला मुद्दाम थांबवून दम घेऊ देतो. दुसऱ्या चढापाशी तर बहुतेक सारे घोडे थबकतात. तेथे घाईने पुढे सरसावलेला घोडा पुष्कळदा चढावरच अडकतो. एवढ्यावरही निकाल ठरत नाही. घोड्याचे नाक नव्हे, तर गाडीचे मागचे टोक अंतिम रेषेपलीकडे गेले पाहिजे. रेषेपासून हातभर अंतरावर एखादा घोडा उभा राहतो, आणि मागून येणारा त्याला सावकाश ओलांडून जातो. प्रेक्षकही धावेच्या कडेने घोड्यांबरोबर चालत जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात ट्रॅक्टर आले आणि या घोड्यांचे जुने काम संपले. मैदानावरील शर्यतीने त्यांच्या पैदाशीला आधार दिला. तथापि प्रेक्षक कमी होत गेले, पैजांचे उत्पन्न घटले, आणि असाहिकावा, कितामी व इवामिझावा या तीन शहरांनी २००६-०७ च्या हंगामानंतर अंग काढून घेतले. ओबिहिरोनेही माघार घेतली असती, तर शर्यत तेथेच संपली असती. परंतु अनेकांच्या आग्रहामुळे त्या शहराने हा भार एकट्याने उचलला. सर्व घोड्यांचे भाग्य मात्र उजळले असे नाही. शर्यतीसाठी न निवडलेले अनेक घोडे मांसासाठी विकले जातात. घोड्यांना फार कष्ट पडतात, अशी टीकाही होते.

हिवाळ्यात उजाडण्यापूर्वीच सरावास प्रारंभ होतो. गोठवणाऱ्या थंडीत घसरगाड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या घामेजल्या अंगांतून वाफा निघू लागतात, आणि ते पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी कुडकुडत कुंपणापाशी उभे असतात.