जुन्या पिकअपमध्ये नवे मीटर बसवताय? आधी बघा, काटा खरं बोलतोय का!

फोनच्या कोपऱ्यातली बॅटरीची टक्केवारी आपण दिवसातून पन्नास वेळा बघतो. पण तो आकडा येतो कुठून? फोनमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते आणि गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाले त्या चिपला ‘फ्युएल गेज’ म्हणतात, म्हणजे चक्क गाडीतला पेट्रोलचा काटा! ही चिप बॅटरीच्या आत डोकावून बघत नाही. व्होल्टेज किती, करंट किती आला-गेला, तापमान किती, हे मोजून ती हिशोब मांडते. हिशोब गडबडला की फोन २०% दाखवत असतानाच बंद पडतो. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल.

आज आपण ज्या काट्यांबद्दल बोलणार आहोत, त्यांचंही अगदी असंच आहे. फक्त इथे काटा खोटं बोलला तर चार्जर शोधून काम भागत नाही.

मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. इकडे जुने पिकअप ट्रक सांभाळणं हा मोठा शौक आहे. पिकअप म्हटलं की आपल्याकडे भाजी नाहीतर सिमेंटची पोती डोळ्यांसमोर येतात, पण इकडे घरोघरी रोज वापरायची ही गाडी. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे १९६७ ते १९७२ या काळातला शेव्हरोलेट सी-१०. माझ्या शेजारच्या आजोबांकडे १९६९ चा आहे, त्यांच्या वडिलांनी घेतलेला, ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन असलेला. त्याच्याच मीटरांची गोष्ट उदाहरणासाठी घेतो.

मुळात नवे मीटर हवेतच कशाला?

साध्या मॉडेलच्या सी-१० मध्ये कंपनीकडून स्पीडोमीटर आणि पेट्रोलचा काटा यायचा. ऑइल प्रेशर, इंजिनचं तापमान आणि चार्जिंग यांच्यासाठी नुसते दिवे. इकडचे लोक त्यांना ‘इडियट लाइट’ म्हणतात आणि ते नाव काही उगाच पडलेलं नाही. ऑइलचा दिवा कधी लागतो? प्रेशर घसरून अगदी काही पीएसआयवर आल्यावर. जुन्या व्ही-८ साठी ढोबळ नियम असा, की दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय प्रेशर हवं. म्हणजे ३००० आरपीएमवर ३० हवं असताना १५ च असेल, तर बेअरिंग झिजतायत, पण दिवा मात्र शांत! तो लागेल तेव्हा निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. काटा असता तर आठवडाभर आधी शंका आली असती.

आणि इथे कुठलंही ॲप मदतीला येत नाही. गाडीचा डेटा फोनवर दाखवणारे ते छोटे ब्लूटूथ डोंगल ओबीडी-२ पोर्टला लागतात, आणि ते पोर्ट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं. १९६९ च्या ट्रकमध्ये कॉम्प्युटरच नाही, तर डोंगल लावणार कशाला?

मीटर नंतर, सेंडर आधी

बाजारात ५२ मिलिमीटरचे गोल मीटर हवे तेवढे मिळतात. काळी तबकडी, पांढरी तबकडी, क्रोमची कडा, जे आवडेल ते. बहुतेक जण रूप बघूनच घेतात. पण मीटर स्वतः काहीच मोजत नाही. मोजतो तो सेंडर, म्हणजे टाकीत किंवा इंजिनवर बसलेला छोटा भाग. मीटर फक्त त्याचा रेझिस्टन्स वाचतो, तो किती ओहम आहे एवढंच.

पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो वर-खाली झाला की दांडी हलते आणि रेझिस्टन्स बदलतो. सोपं आहे. भानगड अशी, की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. शेव्हरोलेटचा, म्हणजे जीएमचा त्या काळातला सेंडर टाकी रिकामी असताना ० ओहम आणि भरलेली असताना ९० ओहम देतो. फोर्डच्या तेव्हाच्या ट्रकांमध्ये बरोबर उलटं, रिकामी असताना ७३ आणि भरलेली असताना साधारण १०. आणि दुकानात ‘युनिव्हर्सल’ म्हणून जे मीटर विकतात, त्यातले पुष्कळसे रिकामीला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम धरून चालतात.

आता शेजारच्या आजोबांचं काय झालं बघा. त्यांनी एका गॅरेजमधून युनिव्हर्सल मीटरांचा सेट बसवून घेतला. टाकीतला सेंडर जुनाच राहिला, ०-९० वाला. टाकी फुल्ल, म्हणजे ९० ओहम. पण नव्या मीटरच्या भाषेत १०३ ओहम म्हणजे अर्धी टाकी, त्यामुळे काटा अर्ध्याच्या जरासा वर. पेट्रोल संपत जाईल तसा रेझिस्टन्स कमी होणार आणि काटा खाली यायच्या ऐवजी वर चढणार! टाकी कोरडी झाली की ० ओहम, आणि काटा ‘फुल्ल’च्याही पुढे.

मीटर बसवून जेमतेम आठवडा झाला होता. नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागत असेल असं त्यांना वाटलं. ऑक्टोबरच्या एका रात्री हायवेवर ट्रक बंद पडला. शेजारी दहा वर्षांची नात, बाहेर कडाक्याची थंडी, बाजूने मोठमोठे ट्रेलर सुसाट जातायत, आणि काटा सांगतोय की टाकी तुडुंब आहे. पेट्रोल संपलं असेल ही शंका कुणाला येणार? ट्रक टो करून त्याच गॅरेजमध्ये नेला. त्यांनीही काट्यावर विश्वास ठेवून फ्युएल पंप बदलला आणि त्याचे पैसे घेतले.

खरं कारण शोधायला मल्टिमीटर आणि दहा मिनिटं पुरली. या पिढीच्या सी-१० ची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते. त्यामुळे सेंडरपर्यंत हात सहज पोचतो (आणि म्हणूनच तिथे काम करताना ठिणगी, सिगरेट, काही म्हणजे काही नको, दारं उघडी ठेवा). वायर काढून सेंडरवर रेझिस्टन्स मोजला. टाकीत थोडंच पेट्रोल होतं आणि मल्टिमीटरवर जेमतेम ६ ओहम. सेंडर ठणठणीत होता, मीटर चुकीचा निवडला होता. ०-९० चा मीटर लावला आणि प्रश्न मिटला. सेंडरच बदलून २४०-३३ चा टाकला असता तरी चाललं असतं, पण चांगला चालणारा भाग काढायचा कशाला?

एक सोपी चाचणी लक्षात ठेवा. ०-९० च्या मीटरची सेंडरकडे जाणारी वायर सोडून मोकळी ठेवली तर काटा फुल्लच्या पुढे जातो. तीच वायर बॉडीला टेकवली तर रिकाम्यावर येतो. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे.

तापमान आणि ऑइल

तापमानाचा सेंडर म्हणजे थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स घटतो. उन्हात फोन ‘चार्जिंग थांबवलं आहे’ म्हणतो ना, तेही बॅटरीजवळच्या अशाच थर्मिस्टरमुळे. इथे नियम एकच, मीटरसोबत आलेला सेंडरच वापरायचा. दिव्याचा जुना सेंडर हा नुसता चालू-बंद स्विच असतो. त्यावर मीटर जोडला तर काटा एक तर या टोकाला नाहीतर त्या टोकाला.

ऑइलसाठी मेकॅनिकल मीटरही मिळतात. ते अचूक असतात, पण त्यात इंजिनमधलं गरम ऑइल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी फुटली तर ते तुमच्या पायावर. मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. आणि सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एका वायरचा सेंडर त्या आट्यांमधूनच अर्थ घेतो, टेपने तो तुटू शकतो.

ॲमीटर की व्होल्टमीटर?

व्होल्टमीटर. काही जुन्या ट्रकांत, डॉजमध्ये विशेषतः, चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या ॲमीटरमधून फिरून जायचा. त्या काळच्या छोट्या अल्टरनेटरला ते झेपायचं. आज कुणी १०० अँपिअरचा अल्टरनेटर लावला तर तेच कनेक्शन वितळू शकतं. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे.

पण इथे एक छुपा सापळा आहे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या त्या दिव्यातूनच मिळतो. आता मीटर आहे म्हणून दिवा काढून टाकला, किंवा त्याजागी एलईडी लावला, की अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही. दिवा राहू द्या, नाहीतर त्याजागी योग्य रेझिस्टर टाका.

अर्थ, अर्थ आणि अर्थ

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. प्रत्येक मीटरला चार गोष्टी लागतात: चावी फिरवल्यावर येणारा करंट (फ्यूजमधून), सेंडरची वायर, डॅशबोर्डच्या लाइटची वायर आणि अर्थ. शेवटच्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात. प्लास्टिकच्या पॅनेलमध्ये बसलेल्या मीटरला आपोआप अर्थ मिळणार कुठून? सगळ्यांची मिळून एक वेगळी वायर काढून, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर स्क्रूने घट्ट करा. अर्थ कच्चा असल्याची खूण म्हणजे हेडलाइट लावल्या की तापमानाचा काटा हलतो. इंजिन तेवढंच गरम असतं, मीटर बिचारा गोंधळलेला असतो.

टॅकोमीटर लावणार असाल तर मागचं सिलिंडरचं सेटिंग बघा. आठ सिलिंडरच्या इंजिनावर सेटिंग सहाचं राहिलं तर खऱ्या ३००० आरपीएमला ४००० दिसतात.

स्पीडोमीटर तपासायला मात्र तुमचा फोनच सर्वात भारी. टायरचा आकार बदलला की जुना केबलवाला स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. सरळ मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जा आणि शेजारी बसलेल्याला जीपीएसचा वेग वाचायला सांगा (चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, प्लीज). आता तर थेट जीपीएसवर चालणारे स्पीडोमीटरही मिळतात. केबलची कटकट नाही, फक्त बोगद्यात सिग्नल गेला की काटाही जातो.

कापायचं की नाही?

माझं मत विचाराल तर डॅशबोर्डचा मूळ पत्रा कापू नका. दोन-तीन मीटर हवे असतील तर डॅशखाली लटकणारं छोटं पॅनेल मिळतं. अख्खा सेट बदलायचा असेल तर क्लासिक इन्स्ट्रुमेंट्स, डकोटा डिजिटल अशा कंपन्या मूळ जागेत जसेच्या तसे बसणारे सेट बनवतात. डकोटाच्या काही सेटची सेटिंग फोनवरून ब्लूटूथनेही करता येतात. महाग आहेत, पण सेंडर जुळवण्याची डोकेदुखी बरीच कमी होते.

मीटर बसवून झाल्यावर पहिल्या टाकीला एक काम नक्की करा. जवळजवळ रिकाम्या टाकीत थोडं थोडं मोजून पेट्रोल घाला आणि दर वेळी काट्याचा फोटो काढा. सोबत एका कॅनमध्ये पाचेक लिटर पेट्रोल असू द्या, पण ते मागच्या उघड्या हौद्यात, केबिनमध्ये नाही. काढलेला जुना सेट कापडात गुंडाळून, कुठली वायर कुठे होती याच्या फोटोंसकट खोक्यात ठेवून द्या. पुढे ट्रक विकायला काढलात तर घेणारा सगळ्यात आधी तोच मागेल.