गोष्ट संपल्यावर

इटलीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. सात वर्षांच्या आसपासची ११० मुले, त्यांचे दोन गट. दोन्ही गटांपुढे सारख्याच छोट्या सचित्र गोष्टी ठेवल्या, सगळ्या माणसांच्या मनात काय चालते याभोवती गुंफलेल्या. फरक केला तो गोष्ट संपल्यानंतर. एका गटाला गोष्टीवर चित्र काढायला सांगितले. दुसऱ्या गटाशी त्या गोष्टीतल्या भावनांविषयी गप्पा मारल्या: याला असे का वाटले असेल, तुला कधी तसे वाटते का, दुसऱ्याला तसे वाटतेय हे कशावरून कळते. दोन महिन्यांनी तपासले तेव्हा भावना ओळखणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणे आणि त्याच्या दुःखाने स्वतः हलणे या तिन्ही बाबतींत गप्पा मारणारी मुले पुढे होती. हा फरक सहा महिन्यांनीही टिकून होता. गोष्टी त्याच होत्या आणि पानेही तितकीच. मुलांचे मन मोठे करण्यासाठी पुस्तके वाटण्याचे जे अनेक उपक्रम आज चालतात, त्यांनी या निष्कर्षाकडे नीट पाहिले पाहिजे. पुस्तक दार उघडते, पण मुलाला उंबरठा ओलांडून आत न्यायला बहुतेक वेळा शेजारी बसलेले माणूस लागते.

आपल्याकडे या गुणाला सहज ‘सहानुभूती’ म्हणतात. मूळ अर्थ चांगला आहे, पण वापरून वापरून त्या शब्दात वरून खाली पाहणारी कणव शिरली. सहानुभूती ‘दाखवली’ जाते आणि ती दाखवणारा जागचा हलत नाही. म्हणून ‘समानुभूती’ हा शब्द आता रुळतो आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहणे. कथा वाचताना आपण नेमके हेच करतो, असा वाचनप्रेमींचा जुना विश्वास आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमानुएले कास्तानो यांचा शोधनिबंध आला आणि या विश्वासाला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे वाटले. दर्जेदार ललित कथेचा छोटा उतारा वाचल्यावरसुद्धा दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पुढे इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र २०१६ मध्ये त्यांच्या हाती तसे काही लागले नाही. २०१८ मध्ये अशा १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. कथावाचनाचा परिणाम खरा आहे, पण लहान आहे, असा कौल त्यातून मिळाला. ‘मग एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप इथून निघतो. तो टाळण्यासारखा नाही. पण हे अभ्यास बहुतांशी प्रौढांवरचे होते आणि एकट्याने, थोडा वेळ केलेल्या वाचनाचे होते. त्या वाचनानंतर कुणी कुणाशी बोलले नव्हते. वाचनाचा परिणाम थोडा आणि वाचन अधिक संवाद यांचा परिणाम स्पष्ट असेल, तर आपला पैसा आणि वेळ कुठे लावायचा याचे उत्तर त्यातच आहे.

अर्थात कुठलाही संवाद चालत नाही. आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ सांगण्याची सवय इतकी खोल आहे, की गोष्ट ऐकवणाऱ्याला ते सांगितल्याशिवाय काम अपुरे वाटते. मुलेही हुशार असतात. तात्पर्य येणार हे ठाऊक असल्यामुळे ती गोष्ट ऐकता ऐकता अपेक्षित उत्तर शोधू लागतात आणि गोष्टीतले माणूस तिथेच सुटते. धाकाने भरलेल्या बोधकथांचा तर अपेक्षित परिणामही होताना दिसत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपल्याकडच्या घराघरांत सांगितली गेली आहे. २०१४ मध्ये संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना ती ऐकवली आणि नंतर मुले खरे बोलतात का हे पाहिले. खोटेपणाची शिक्षा सांगणारी ही गोष्ट आणि पिनोकिओची गोष्ट, दोन्हींनी मुलांचा खरेपणा वाढला नाही. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडिलांनी त्या कबुलीचे कौतुक केले, ही गोष्ट ऐकलेली मुले मात्र अधिक खरे बोलली. भीतीपेक्षा खरेपणाच्या कौतुकाचे उदाहरण मुलाला जवळचे वाटते. टोरांटोतल्या आणखी एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीचे एक पुस्तक दोन रूपांत वाचून दाखवले. एकात पात्रे प्राणी होती, दुसऱ्यात तीच गोष्ट माणसांची होती. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपल्याजवळचे स्टिकर जास्त वाटले. यावरून ससे-कोल्ह्यांच्या गोष्टी हद्दपार कराव्यात असे मुळीच नाही. मुलांची करमणूक आणि कल्पना त्यांवरच पोसतात. पण कोल्ह्यापासून शेजारच्या बाकावरच्या मुलापर्यंत यायला मुलाला मधला रस्ता दाखवावा लागतो, आणि तो तात्पर्याने दिसत नाही, प्रश्नांनी दिसतो. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी १९९३ च्या ‘टेल मी’ या पुस्तकात याची साधी पद्धत मांडली: काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकून गेले, काय पुन्हा पुन्हा येताना दिसले. ‘का?’ असा थेट प्रश्न शक्यतो टाळावा, असेही ते सुचवतात, कारण तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा अंगावर येतो. ‘त्याबद्दल जरा सांग ना’ म्हटले की तेच मूल मोकळे होते.

हे बोलणे करायचे कोणी? शिक्षकाने, हे उघड उत्तर. पण एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, अभ्यासक्रम आणि शाळेबाहेरची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाकडे पाच-सहा मुलांच्या घोळक्यात बसून अर्धा तास गप्पा मारायला उसंत कुठली? आईवडील उशिरा घरी येतात, आणि पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसते. स्वयंसेवकाची खरी जागा इथे आहे. त्याच्याजवळ वेळ असतो आणि गुणपत्रक नसते. त्याच्यासमोर चुकीचे बोलले तरी काही बिघडत नाही हे मुलाला कळते, तेव्हाच ते मनातले बोलते. २०१५ मधल्या एका इटालियन अभ्यासात पाचवीची ३४ मुले संशोधकाबरोबर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, हॅरी पॉटरच्या पुस्तकांतले उतारे वाचत आणि त्यांवर बोलत होती. एका गटाचे उतारे भेदभावाविषयीचे होते, दुसऱ्याचे नव्हते. पहिल्या गटातल्या ज्या मुलांना हॅरी आपलासा वाटला होता, त्यांचे स्थलांतरितांविषयीचे मत नंतर निवळलेले दिसले. ब्रिटनमध्ये मिरांडा मॅककिअर्नी यांनी उभी केलेली ‘एम्पथीलॅब’ ही संस्था याच पायावर काम करते. २०१७ पासून दर जूनमध्ये ती ‘एम्पथी डे’ साजरा करते आणि मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी काढते. लेखक, प्रकाशक, शाळा, सार्वजनिक ग्रंथालये असे सगळे तिच्या कामात भागीदार असतात. या रचनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे पुस्तकाची निवड जाणकार करतात, आणि वाचून दाखवणाऱ्याला फक्त वाचण्याकडे आणि ऐकण्याकडे लक्ष देता येते.

आपल्याकडे या साखळीच्या कड्या आहेत, पण त्या एकमेकींत नीट गुंतलेल्या नाहीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने ‘वन डे वन स्टोरी’ या उपक्रमातून ८ सप्टेंबर या साक्षरता दिनाच्या सुमारास देशभर स्वयंसेवकांकडून एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत वाचून घेण्याची प्रथा पाडली. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावर हजारो गोष्टी मोफत मिळतात आणि कुणीही त्यांचे आपल्या भाषेत भाषांतर करू शकते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. देणगीतून शंभर पुस्तकांची पेटी तयार होते, वाचकांचा एखादा गट ती सांभाळतो, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही या पेट्या गेल्या आहेत. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात प्रशिक्षित तरुण कलाकार आश्रमशाळांमध्ये बालसाहित्य रंगमंचासारखे उभे करतात. पणजीत २००५ पासून काम करणारी ‘बुकवर्म’ गोव्यातल्या शाळांत आणि वस्त्यांवर पुस्तके घेऊन जाते. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ या बालसाहित्य उपक्रमाबरोबर तिने ग्रंथपालांसाठी कित्येक महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला आहे. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मुलांना पुस्तक वाचून दाखवणे हे महिनोन्महिने शिकण्याचे कौशल्य आहे, हे त्यातून मान्य केले गेले. वाचन प्रेरणा दिनी, १५ ऑक्टोबरला, आपल्या शाळा गजबजतात ते चांगलेच आहे. पण इटलीतल्या मुलांमध्ये बदल घडला तो दोन महिने पुन्हा पुन्हा झालेल्या गप्पांमुळे. वर्षातून एकदा येऊन छायाचित्र काढून जाणारा पाहुणा आणि दर बुधवारी दुपारी येणारी, मुलांची नावे पाठ असलेली ताई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. देणगीदार संस्थांनी वाटलेल्या पुस्तकांच्या आकड्यासोबत ‘तीच व्यक्ती किती आठवडे आली’ हा आकडा मागायला सुरुवात केली, तर पुष्कळ उपक्रमांची दिशा बदलेल.

‘मुलांना धड वाचता येत नाही तिथे समानुभूतीची चैन कशाला?’ असेही विचारले जाते. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. चिंता खरीच आहे. पण प्रकट वाचनात मूल ऐकते, आणि ऐकताना त्याला आपल्या वाचनपातळीच्या कितीतरी वरची गोष्ट समजते. पुढे काय होते हे जाणून घेण्याची ओढ लागल्याशिवाय अक्षरांशी झगडायची उमेद येत नाही. शिवाय जर्मनीत दुसरी-तिसरीच्या मुलांबरोबर बालसाहित्याच्या आधारे काही आठवडे काम केले, तेव्हा भावनांसाठीचा त्यांचा शब्दसंग्रह वाढला. ‘वाईट वाटले’ या एका शब्दाऐवजी खट्टू होणे, ओशाळणे, हिरमुसणे, जीव कासावीस होणे असे वेगवेगळे शब्द हाती आले, तर मुलाला भाषाही येते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे बारकावेही दिसू लागतात.

कॅनेडियन-अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांचा आक्षेप अधिक खोलवर जाणारा आहे. २०१६ च्या ‘अगेन्स्ट एम्पथी’ या पुस्तकात ते म्हणतात, समानुभूती प्रकाशझोतासारखी असते. ती जवळच्यावर, आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर पडते आणि बाकीचे अंधारातच राहतात. मला यात तथ्य वाटते. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये आली, तेव्हापासून ती वाचून किती पिढ्या रडल्या असतील. ते डोळे वस्तीपलीकडच्या माणसासाठीही पाणावले का, हे मात्र तपासावे लागते. तिचे लेखक साने गुरुजी यांनी स्वतःपुरते उत्तर दिले होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. झोत अरुंद असेल तर तो फिरवावा लागतो, आणि मुलांसाठी तो फिरवण्याचे काम पुस्तकांची निवड करते. म्हणून निवड करणाऱ्यावरची जबाबदारी मोठी आहे.

या निवडीतच आपले सर्वांत मोठे दुखणे आहे. अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटले होते की मुलांना पुस्तकांत आरसेही हवेत आणि खिडक्याही: स्वतःला पाहता येईल असे आणि दुसऱ्याला पाहता येईल असे. मराठी बालसाहित्यात दीर्घकाळ शहरी, पांढरपेशा घरांचे आरसे भरपूर होते. ऊसतोड कामगाराच्या मुलीला, पारधी वस्तीतल्या मुलाला, कोकणी मुसलमान कुटुंबातल्या मुलाला त्या पुस्तकांत फक्त खिडकी मिळाली आणि शहरी मुलाला फक्त आरसा. अशा पुस्तकांची पेटी घेऊन स्वयंसेवक वस्तीत जातो, तेव्हा समानुभूतीचा सगळा भार त्याच मुलांवर पडतो, ज्यांना इतरांचे जग आधीच पुरेसे ठाऊक आहे. उलट शहरातल्या शाळेत ‘गरिबांविषयी’चे पुस्तक वाचले जाते, तेव्हा पुन्हा ती जुनी, वरून खाली पाहणारी सहानुभूती डोके वर काढते. यावर मार्ग दिसतात. ‘स्टोरीवीव्हर’वर मेळघाटातल्या कोरकू भाषेत पुस्तके आली आहेत. दिल्लीतला ‘द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट’ सदस्यत्वाचे पैसे घेत नाही, आणि तिथे वाचायला येणारी मुले ग्रंथालय चालवण्यातही सहभागी होतात. कोरकू मुलाला आपल्या भाषेतले पुस्तक हातात धरायला मिळते तेव्हा वाचून दाखवणारा स्वयंसेवकही त्याच गावातला असला पाहिजे, कारण ती भाषा त्यालाच येते. आणि त्याच गोष्टीचे मराठी रूप पुण्यातल्या वर्गात पोहोचले, तर तिथल्या मुलांना विचारायचा पहिला प्रश्न चेंबर्स यांच्या यादीतला तिसरा असू द्यावा: यातले काय तुला कळले नाही?