कंपवाताच्या गोळ्या आणि भास
कंपवात म्हणजे पार्किन्सन. त्यावरची लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी हातपाय मोकळे करते, पण तिचे दुष्परिणामही असतात. ते ओळखून आपण घरच्या वडीलधाऱ्यांना सांभाळू शकतो.

मळमळ होत असेल तर गोळीबरोबर एखादे बिस्किट द्यावे. डाळ, अंडी, मटणाच्या जेवणाने गोळीचा गुण कमी येतो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यावी. ओकारीचे औषध दुकानातून परस्पर आणू नये. मेटोक्लोप्रमाइडने कंप वाढतो.

चक्कर येत असेल तर उठताना आधी बसावे, मग उभे राहावे.

कधी घरात नसलेली माणसे दिसतात. ही बाहेरची बाधा नव्हे. औषधाचा किंवा आजाराचा परिणाम आहे. अशा वेळी भगत, अंगारा यांत दिवस घालवू नयेत. गोळ्या मनानेच एकदम बंदही करू नयेत. अंग ताठून, ताप चढून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना सांगितले तर ते डोस बदलून देतात. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी जुगाराची ओढ लागली, तरी लाजेने लपवू नये.

22 प्रतिज्ञांमधील प्रज्ञा आणि करुणा इथेच कामी येतात : कारण शोधायचे आणि रुग्णाला दोष द्यायचा नाही.