काउंटरमागचा नगराध्यक्ष

गावाचं वीजकेंद्र विकायचं की नाही, यावरून भांडण पेटलं होतं. 1920चं दशक, अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातलं डोलंड, वस्ती जेमतेम सहाशे. विकायला कडाडून विरोध करत होता गावचा औषधवाला, ह्यूबर्ट हम्फ्री. रात्रीच्या सभेला तो शाळकरी मुलालाही नेई, खिडकीपाशी खुर्चीत बसवी आणि मग वादाला उभा राही. शेवटी तो हरला, केंद्र विकलं गेलं. मला मात्र त्याच्या आयुष्यातली ही हार नगराध्यक्षपदापेक्षा मोलाची वाटते.

हो, हा माणूस डोलंडचा नगराध्यक्षही झाला. तेही गाव बहुतांशी रिपब्लिकन असताना, आणि हा डेमोक्रॅटिक नेते ब्रायन यांचं भाषण ऐकून डेमोक्रॅट झालेला! मतं पटोत न पटोत, खोकल्याचं औषध न्यायला सगळ्यांना त्याच्याच दारात यावं लागे. वाद घालत घालत तो पुडी बांधून देत असणार.

मग गावातल्या बँका बुडाल्या. 1927मध्ये कर्जापायी राहतं घर विकावं लागलं. बापाला रडताना मुलाने तेव्हा पाहिलं. 1931मध्ये कुटुंबाने दुकान त्याच राज्यातल्या ह्यूरॉनला हलवलं. तोच मुलगा, धाकटा ह्यूबर्ट, विद्यापीठ सोडून मदतीला आला आणि डेन्व्हरला जाऊन औषधनिर्मितीचं शिक्षण काही महिन्यांत उरकून परतला. दुष्काळ, धुळीची वादळं, शेतकऱ्याच्या खिशात दमडी नाही. बापलेक डुकरांसाठी खनिजमिश्रण बनवत, मुलगा शेतावर जाऊन डुकरांना लसही टोची. ‘हम्फ्रीज स्निफल्स’ हे त्यांचं घरगुती औषध, नाकात घालायचे थेंब. खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल, वर थोडं बेंझोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध. सर्दी गेली नाही तरी तिचा त्रास कमी जाणवावा, हा हिशेब. राजकारणात पुढे हेच कसब कामी येतं, असं कुणी म्हटलं तर मी हरकत घेणार नाही.

जुलै 1948, फिलाडेल्फिया. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मुलगा आता मिनिॲपोलिसचा महापौर, वय 37; थोरले हम्फ्री साउथ डकोटाचे प्रतिनिधी. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा ठराव रेटलास तर पक्ष फुटेल, असं मुलाला बजावलं जात होतं. त्याने वडिलांचा सल्ला घेतला आणि तो व्यासपीठावर गेला. ठराव 651½ विरुद्ध 582½ मतांनी मंजूर झाला. मिसिसिपीचे प्रतिनिधी आणि अलाबामाचे निम्मे उठून निघून गेले. डोलंडच्या सभेत बापाला हरताना पाहिलेल्या पोराने या वेळी सभा जिंकली, आणि बाप सभागृहातच होता.

थोरले हम्फ्री नोव्हेंबर 1949मध्ये गेले. मुलाला सिनेटर होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जानेवारी 1966मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या अंत्यसंस्काराला अमेरिकेतर्फे दिल्लीत आलेले उपाध्यक्ष म्हणजे हाच मुलगा. ह्यूरॉनचं दुकान वडिलांमागे मोठा मुलगा राल्फ याने चालवलं.