अत्यवस्थ मुलांचे डॉक्टर कोण होणार?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील कारखान्यांनी मराठवाडा-विदर्भातून, परप्रांतांतून माणसे ओढून आणली. त्यांची मुले पत्र्याच्या खोल्यांत वाढतात. न्यूमोनिया, जुलाब, डेंग्यू यांनी मूल अत्यवस्थ झाले की मोठ्या माणसांचे उपचार त्याला तसेच्या तसे चालत नाहीत. त्याची श्वासनलिका अरुंद असते; औषध, सलाईन वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते. शिवाय मुलाचे शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते; तो उतरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधीच गार हातपाय, वाढलेले ठोके, मंदावलेली शुद्ध ओळखणे, श्वासयंत्र लावणे आणि वेळेवर काढणे, हे खाटेपाशी जाणत्या डॉक्टरच्या नजरेखाली शिकावे लागते. ‘फेलोशिप’ म्हणजे हेच शिक्षण.

पण तेथवर पोचतो कोण? एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, बालरोगातील एम.डी.ची ३, पुढे डी.एम. करायचे तर आणखी ३. एवढा काळ कोणत्या मजुराचे घर थांबेल? त्यातच १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष अभ्यासक्रमांत राखीव जागा असू नयेत असे म्हटले. कारण गुणवत्तेचे दिले. मजूर आईची भाषा आणि भीती कळणे हाही डॉक्टरचा गुणच. त्याची परीक्षा कोणी घेत नाही.

पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तेथे पदव्युत्तर शिक्षणही चालते. अशा सार्वजनिक रुग्णालयांत, पोट भरेल एवढ्या विद्यावेतनासह, हे शिक्षण आपल्या मुलामुलींना मिळाले पाहिजे. ही मागणी वस्तीने केली पाहिजे, कारण त्या खाटेवर वस्तीचेच मूल असते.