लाईट गेले, पण कधी?

मोटरहोममध्ये लाईट गेलेले लवकर कळत नाहीत. घरात पंखा थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते, शेजारी गॅलरीत येऊन ‘तुमच्याकडे पण गेले का?’ असं विचारतो. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या एखाद्या कॅम्पसाइटवर मुक्कामाला थांबलेल्या गाडीत यातलं काहीच होत नाही. दिवे लागलेले असतात, पंप नळाला पाणी देत असतो, फ्रिजमधलं दूध थंड असतं. आणि तरी खांबावरून येणारी वीज केव्हाच बंद पडलेली असू शकते.

याचं कारण त्या गाडीत दोन प्रकारची वीज नांदत असते. दिवे, पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टवर चालतात. ती वीज सीटखाली बसवलेल्या वेगळ्या बॅटरीतून येते. मायक्रोवेव्ह, किटली आणि भिंतीतले सॉकेट यांना २३० व्होल्ट लागतात. ते मिळतात हुकअपमधून, म्हणजे कॅम्पसाइटच्या खांबापासून गाडीपर्यंत ओढलेल्या केशरी केबलमधून. दोन्हींमधला दुवा चार्जर. तो बाहेरची वीज घेऊन बॅटरी भरत राहतो. फ्रिज तर फारच समजूतदार. बऱ्याच नव्या गाड्यांतला फ्रिज वीज गेल्याचं ओळखून कुणाला न सांगता गॅसवर जातो. मग रात्री आठला गेलेली वीज दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरल्यावर उघडकीस येते.

वीज आहे की नाही हे बघायचा सोपा उपाय म्हणजे मायक्रोवेव्हचं घड्याळ. ते विझलं असेल तर २३० व्होल्ट गेले. दुसरा पुरावा दारावरच्या पॅनेलवर असतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या व्होल्टचा आकडा १३.६ च्या पुढे असेल तर चार्जर काम करतोय. तो १२.५ च्या आसपास असून हळूहळू उतरत असेल, तर बॅटरी एकटीच सगळा भार वाहते आहे. मात्र छतावर सोलर पॅनेल असेल तर दिवसा हा आकडा फसवतो. तो सूर्य मावळल्यावर बघावा.

वीज गेल्याचं एकदा कळलं, की बहुतेक जण बिघाड कुठे आहे ते शोधू लागतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते ‘कधी’. केबल जोडल्या जोडल्या गेली? किटली लावल्यावर? हीटर वीस मिनिटं चालल्यावर? पाऊस लागल्यावर? की हिवाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या पहिल्याच सहलीत? वीज तोडणारी उपकरणं दोन, एमसीबी आणि आरसीडी. आपल्याकडे घरातल्या विजेच्या पेटीतही (डीबीत) हीच जोडी असते. आरसीडीला आपण ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो. दोघांचे भौतिक नियम वेगळे, त्यामुळे दोघांच्या वेळाही वेगळ्या.

मुळात वीज आलीच नसेल, तर आधी निळा प्लग तपासावा. तीन गोल पिनांचा हा १६ अँपियरचा प्लग युरोपभर चालतो. पण बऱ्याच ब्रिटिश कॅम्पसाइटवर तो नुसता खुपसून भागत नाही. आत ढकलून, अडकल्याचा आवाज येईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. काढताना लाल बटण दाबावं लागतं. अर्धवट फिरवलेला प्लग अगदी व्यवस्थित बसलेला दिसतो आणि गाडीत मात्र २३० व्होल्ट येतच नाहीत. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात. केबल जोडताना आधी गाडीकडचं टोक लावायचं, मग खांबाकडचं, काढताना उलट. म्हणजे ओल्या गवतात जिवंत टोक हातात येत नाही.

आता किटली. १६ अँपियर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३६८० वॉट. सगळ्या खांबांवर एवढं मिळतं असं नाही. काही ठिकाणी १० अँपियर मिळतात, म्हणजे २३०० वॉट. फ्रान्समधल्या कितीतरी कॅम्पसाइटवर ६ अँपियर, म्हणजे जेमतेम १३८०. घरची ब्रिटिश किटली एकटी ३००० वॉट खाते. ६ अँपियरच्या खांबावर ती लावली, तर पाणी कोमट होईपर्यंत एमसीबी पडतो. मायक्रोवेव्हच्या दारावर ८०० लिहिलेलं असतं, पण ती अन्नाला मिळणारी शक्ती; भिंतीतून तो १२०० वॉटच्या आसपास ओढतो.

एमसीबीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सुटतो. शॉर्ट सर्किट झालं तर आतलं विद्युतचुंबक तोच खटका क्षणात ओढतं. पण नुसत्या जादा लोडसाठी पट्टी तापायला वेळ लागतो. मानकाप्रमाणे १० अँपियरच्या एमसीबीने ११.३ अँपियर तासभर सोसायला हवेत आणि १४.५ अँपियरला तासाच्या आत पडायला हवं. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी. म्हणूनच हीटर, फ्रिज, चार्जर आणि गीझर एकत्र चालू असताना वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं आणि मग कुणी कशाला हात लावलेला नसताना वीज जाते. दोष हात न लागलेल्या उपकरणांच्या बेरजेचा असतो. अशा वेळी लगेच खटका वर केला तर तो आणखी लवकर पडतो, कारण पट्टी अजून गरम असते. काही उपकरणं बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं. दुपारच्या उन्हात तापलेल्या खांबातली पट्टी आधीच थोडी वाकलेली असते, हेही लक्षात असू द्यावं.

केबलचंही थोडं गणित करू. नेहमीची केबल २५ मीटर लांब, आतल्या तारांचा छेद २.५ चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन ५० मीटर तांब्याचा रोध होतो सुमारे ०.३७ ओहम. १६ अँपियर वाहिले, तर जवळजवळ ६ व्होल्ट वाटेतच गळतात आणि केबलमध्ये ९५ वॉट उष्णता तयार होते. केबल गवतावर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत विरून जाते. पण बरेच जण केबल हवी तेवढी सोडून बाकीची रिळावर गुंडाळलेली ठेवतात. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि पीव्हीसीचं आवरण मऊ पडू लागतं. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. केबल पूर्ण उलगडून गाडीखाली सैलसर पसरून टाकायची.

आरसीडीचं काम वेगळं. तो प्रवाह किती आहे ते बघत नाही. फक्त जमाखर्च जुळतोय का ते बघतो. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत यायला हवा. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. प्रवाह सारखे असतील तर त्यांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना खोडतात. ३० मिलिअँपियरची तूट आली की खटका सुटलाच पाहिजे, आणि ०.३ सेकंदाच्या आत. हा आकडा माणसाच्या शरीराकडे बघून ठरला आहे. अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं घेतली होती. सरासरी पुरुषाच्या हातातून १६ मिलिअँपियर वाहू लागले की स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. त्याहून जास्त प्रवाह काही वेळ वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून प्रवाह थोडका आणि वेळही थोडका.

हिवाळ्यानंतरच्या पहिल्या सहलीत आरसीडी पडतो, त्यामागचं कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटतं. गीझरच्या आणि फ्रिजच्या तापणाऱ्या कांडीत बारीक तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. (हा फ्रिज उष्णतेवरच चालतो, १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांची ती करामत.) ही भुकटी उष्णता चांगली वाहते, वीज अडवते, पण ओलावा शोषते. कांडीच्या टोकाचं सील जरा ढिलं असेल, तर थंडीतले चार महिने ती हवेतलं बाष्प ओढत राहते. वसंतात वीज जोडली की त्या ओलसर भुकटीतून थोडा प्रवाह कांडीच्या धातूत आणि तिथून अर्थमध्ये जातो. कांडी नीट तापली तर ओलावा उडून जाईलही, पण आरसीडी तिला तापूच देत नाही.

गुन्हेगार शोधायचा तो एकेक भाग वेगळा करत. केबल गाडीपासून सोडवून, टोक कोरडं ठेवून, नुसती खांबाला लावावी. तरी वीज गेली तर दोष केबलमध्ये. पावसातच असं होत असेल तर प्लगमध्ये पाणी शिरलंय. केबल ठीक असेल तर गाडीतले सगळे एमसीबी पाडून, उपकरणांचे प्लग काढून, एकेक चालू करत जावं. इथे एक मेख आहे. न्यूट्रल कुठे अर्थला टेकलेला असेल तर फक्त फेज तोडणारा एमसीबी पाडूनही आरसीडी पडतच राहतो. उपकरण प्रत्यक्ष उपटूनच बाजूला काढावं लागतं. शिवाय खांबात एक आणि गाडीत एक असे दोन आरसीडी असतात, दोन्ही ३० मिलिअँपियरचे. आधी कोणता पडेल हा नशिबाचा भाग. त्यामुळे गाडीतला खटका वर आहे म्हणून दोष बाहेरचा, हा निष्कर्ष चुकीचा. खांबाची पेटी मात्र उघडू नये. तिथे कॅम्पसाइटच्या वॉर्डनलाच बोलवावं.

उरतात असे दोष, ज्यांत लाईट जातच नाहीत, त्यामुळे ‘कधी’ हा प्रश्नच उद्भवत नाही. युरोप खंडातल्या काही कॅम्पसाइटवर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते. जर्मन पद्धतीचा दोन पिनांचा प्लग तर सॉकेटात दोन्ही बाजूंनी बसतो. सगळं चालतं, फक्त एकेरी बटण बंद केल्यावरही उपकरणाच्या आतला भाग जिवंत राहतो. अर्थची तार तुटलेली असली तरीही चहा होतोच. ब्रिटनमध्ये घरगुती वीजपुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आणण्याची पद्धत सर्रास आहे, पण २००२ च्या नियमांनुसार तसा अर्थ कॅरॅव्हॅनच्या धातूच्या सांगाड्याला जोडायला मनाई आहे. न्यूट्रल रस्त्यात कुठे तुटला, तर गाडीचं दारच जिवंत होईल आणि ते धरणाऱ्याचे पाय ओल्या गवतावर असतील. कॅम्पसाइटवर त्यामुळे जमिनीत वेगळी अर्थची कांडी पुरतात.

तीन छोट्या दिव्यांचा सॉकेट टेस्टर दुकानात स्वस्तात मिळतो. जोडणी झाल्यावर तो भिंतीत खुपसला की उलटी जोडणी किंवा तुटलेला अर्थ लगेच दिसतो. जमिनीतल्या कांडीचा रोध पुरेसा कमी आहे का, हे मात्र तो सांगू शकत नाही; त्यासाठी इलेक्ट्रिशियनचा मीटर लागतो.